गुडघाभर ज्वारी

घरामागे गुडघाभर उंचीचं, हिरवंगार, लुसलुशीत काही उगवलं असेल तर माणसाला आनंद व्हायला हवा. मला त्या ऑक्टोबरात घाम फुटायचा. सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा राहिलो की पहिली नजर त्या पट्ट्याकडे जायची. भोवतीची दोरी जागेवर आहे ना, दोरीला बांधलेल्या लाल चिंध्या आहेत ना, गायीचं दावं आखूड आहे ना. एवढं बघून झाल्याशिवाय चहाचा घोट घशाखाली उतरत नसे, आणि तोवर चहा गार झालेला असे.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, बडोद्याला रिफायनरीत नोकरी लागली म्हणून आलो आणि इथलाच झालो. नोकरीच अशी होती की भिण्याचाच पगार मिळायचा. वारा कुठून कुठे वाहतोय ते आधी बघायचं आणि मग पाऊल टाकायचं. वास आला तर भ्यायचं, आणि येत असलेला वास एकाएकी यायचा थांबला तर जास्त भ्यायचं. निवृत्त होताना हेल्मेट आणि ओळखपत्र परत करता येतं, ही सवय परत घेणारी खिडकी कुठे नसते. ती मी घरी घेऊन आलो. गॅसची नळी, गच्चीचा कठडा, इन्व्हर्टरची बॅटरी, उत्तरायणातला मांजा, ओल्या हातांनी लावलेला मिक्सर, या सगळ्याला माझं 'नको' ठरलेलं. बायको म्हणायची, "तुम्ही ना, साव डरपोक आहात. आमच्या घराण्यात असा एक नाही निघाला." ती बडोद्याचीच. तिचे पणजोबा-खापरपणजोबा संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि तो हुद्दा अजून तिच्या आवाजात आहे.

त्या आवाजाला मधे काहीतरी झालं होतं. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली आणि बायको हळूहळू बोलायचीच थांबली. आधी शेजारणींशी, मग फोनवर, मग माझ्याशी. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. फतेगंजच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी ती आणखी झोपायची. मी भाजी आणायला गेलो तरी वाटेतून घरी फोन करायचो, आणि तिने उचलला नाही तर पिशवी तशीच टाकून परत फिरायचो. रिफायनरीत इतकी वर्षं काढली, पण त्या दिवसांत जितका घाबरलो तितका तिथे कधी घाबरलो नव्हतो.

मग गाय आली. बडोद्याजवळच्या पादरा गावाकडे बायकोचा एक चुलतभाऊ शेती करतो, त्याने एक कालवड देऊ केली. आमचं घर विमानतळाजवळ हरणीला, सोसायटीच्या अगदी शेवटी, आणि घरामागे बायकोच्या वाट्याला आलेला मोकळा प्लॉट. मी अर्थातच नको म्हणालो. लाथ मारेल, शिंग लागेल, विमानं इतकी खालून जातात तर बुजेल. टेम्पोतून ती कालवड उतरली तेव्हा बायको कितीतरी दिवसांनी केस विंचरून अंगणात आली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी उठली. पुढे कालवडीची गाय झाली, बायकोच्या गोळ्या आधी कमी झाल्या आणि मग बंद झाल्या. विमानांना गाय कधी बुजली नाही, मीच बुजायचो. तर सांगायचं ते हे, की माझ्या लेखी ती नुसती गाय नव्हती. माझ्या बायकोला सकाळी अंथरुणातून उठवणारं ते एकच कारण होतं. गायीचं काही बरंवाईट झालं तर बायको पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपेल, ही भीती मी रोज उशाला घेऊन झोपत होतो.

गायीबरोबर गवत आलं. बाजारातला चारा कुठल्या नाल्याच्या पाण्यावर वाढवलाय कोण जाणे, म्हणून मी प्लॉटवर गजराज लावलं. महाराष्ट्रात त्याला हत्तीगवत म्हणतात, आमच्याकडे सगळे गजराजच म्हणतात. कांड्या पुरल्या, पाणी दिलं, आणि पावसाळ्यात बघता बघता ते डोक्याच्या वर गेलं.

पहिल्या वर्षी कापणी बायकोच्या हातात होती. कोवळं ते चांगलं, हे तिचं साधं गणित. भेंडी आपण कोवळी बघून घेतो, काकडी कोवळी बघून घेतो, मग गायीलाच जून दांडे का. नवी फूट जरा वर आली की ती विळा घेऊन जायची आणि जमिनीलगत सपासप कापून आणायची. गाय खूश, बायको खूश. गायीचं शेण मात्र पातळ व्हायला लागलं. मी घाबरून जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन केला.

या डॉक्टरबाई गुजराती, माझ्या मुलीच्या वयाच्या. स्कूटरवरून येतात आणि हेल्मेट न काढता कामाला लागतात. त्यांनी गायीकडे बघितलंच नाही. आधी शेण बघितलं, मग गवताकडे गेल्या, आणि त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "काका, तुम्ही गायला गवत नाय देत, गवताचा सूप देता." मग नीट समजावून सांगितलं. कोवळ्या गवतात प्रथिनं भरपूर असतात, पण बाकी सगळं पाणी. रवंथ करायला दांडाच नाही, तर पोट चालणार कसं. उलट फार दिवस उभं ठेवलं तर दांड्याचं लाकूड होतं, कस उतरतो आणि गाय तोंड लावत नाही. छातीपर्यंत आलं की कापायचं, आणि कापताना खाली हातभर नाही तरी वीतभर बुडखा ठेवायचा. पान हे गवताचं स्वयंपाकघर. ते कापून नेलं की नवी फूट येते ती बुडख्यात आणि मुळांत साठवलेल्यावर. नवी पानं वर येऊन ती साठवण भरून काढतात, आणि त्याआधीच पुन्हा विळा चालवला तर मूळ स्वतःलाच खात बसतं.

हे ऐकायला ठीक होतं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. उन्हाळा लागताना मी कुदळ घेऊन दोन ठोंब खणून काढले. एक पुढच्या ओळीतला, जो बायको सारखा कापायची. दुसरा भिंतीजवळचा, जिथे फुटक्या विटांचा ढीग होता म्हणून विळा पोचतच नव्हता. पुढचा ठोंब कुदळीच्या पहिल्या घावात हलला आणि हाताने ओढल्यावर उपटून आला. मुळं बोटभर, निम्मी काळी पडलेली, मधला गाभा पोकळ. भिंतीजवळचा मात्र खणता खणता माझी कंबर धरली, तरी त्याची मुळं खाली जातच होती. दोघांची वरची पानं सारखीच हिरवी होती. इतके दिवस आपण वरचं हिरवं बघून निश्चिंत होतो, या विचाराने मला उन्हात हुडहुडी भरली.

बायको म्हणाली, "मग आता काय, गवताला मीटर लावणार का?" मी खरोखरच एक बांबू रोवला आणि त्यावर छातीच्या उंचीला रंगाची खूण केली. त्या दिवसापासून विळा माझ्याकडे आला. खुणेच्या आधी कोणी एक पान तोडायचं नाही. ठोंब पुन्हा भरले, शेण नीट झालं, दूधही घट्ट आलं. मी मात्र त्या खुणेलाही घाबरायला लागलो. खुणेपर्यंत आलं तरी वाटायचं, अजून आठवडाभर राहू दे, मुळं आणखी भरू देत.

ज्वारी पेरली ती बायकोने, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. गजराजाला कंटाळते बिचारी, काहीतरी गोड हवं, असं म्हणून तिने भिंतीकडच्या पट्ट्यात दाणे फेकले. गणपतीच्या सुमाराला कणसं निसवली तेव्हा मी ती कापली. गाय ते खाताना आवाज करायची, इतकी तिला आवडली. जमिनीत धसकटं राहिली. मग पाऊस गेला तो गेलाच, ऊन तापायला लागलं, आणि त्या धसकटांमधून नवे कोंब आले.

तेव्हाच गाय व्यालेली होती. डॉक्टरबाई वासराला बघायला आल्या, आणि जाताना त्यांची नजर त्या पट्ट्यावर गेली. त्यांनी हेल्मेट काढलं. त्यांना हेल्मेटशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो.

"काका, आ जुवार घुंटण जेटली होय त्यां सुधी गायने मोढे ना लगाडता," त्या म्हणाल्या. ज्वारी गुडघ्याएवढी असेपर्यंत गायीच्या तोंडी लागू द्यायची नाही, हे मला नीट कळावं म्हणून त्यांनी हात स्वतःच्या गुडघ्याला लावून दाखवला. "मीणो चडशे. जहर छे एमां." मीणो म्हणजे चाऱ्यातून होणारी विषबाधा.

कापलेली ज्वारी पुन्हा फुटते तेव्हा त्या कोवळ्या फुटीत विष असतं, आणि पाण्याचा ताण पडला की ते वाढतं. तीच फूट कमरेच्या वर जाऊन कणसं आली की विष उतरतं आणि तोच चारा उत्तम होतो. मी विचारलं, कसलं विष. त्यांनी नाव सांगितलं आणि मी ओट्यावर बसलो. ते नाव मला रिफायनरीच्या सुरक्षेच्या वर्गात शिकवलेलं होतं. रक्तात प्राणवायू खच्चून भरलेला असतो आणि शरीराला तो घेता येत नाही, म्हणून रक्त लालभडक दिसतं आणि प्राणी गुदमरून जातो. हे माझ्या घरामागे, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे उगवलं होतं.

"उपटून टाकू," मी म्हणालो.

"एवढं वर आलेलं कोणी उपटतं का?" बायको म्हणाली. "कणसं येऊ द्या ने. डॉक्टर म्हणाल्या ना, मग चालतं म्हणून."

डॉक्टरबाईही म्हणाल्या की ठेवायला हरकत नाही, फक्त तोवर गायीला दूर ठेवा. दोघींपुढे माझं काही चाललं नाही. मी पट्ट्याभोवती दोरी ताणली, जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधल्या आणि गायीचं दावं आखूड केलं. येता जाता बायकोला बजावत राहिलो. त्यातलं पान देऊ नकोस, पडलेलं उचलून टाकू नकोस, विळा तिकडे नेऊ नकोस. ती "हो हो" म्हणायची, जशी मिक्सरच्या वेळी म्हणायची.

वसुबारस आली. बायकोच्या मंडळातल्या बायका दर वर्षी त्या दिवशी आमच्याकडे येतात. कोणी फतेगंजच्या फ्लॅटमधून, कोणी घडियाळी पोळाच्या जुन्या वाड्यांतून, कारण आता वासरासकट गाय ओवाळायला मिळणार कुठे. गुजराती शेजाऱ्यांची त्या दिवशी वाघबारस असते, आमच्या बायका दूध-तूप आणि गहू वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात, गायीला उडदाचे वडे आणि हिरवा चारा हाताने भरवतात. हे सगळं मुलाबाळांसाठी. आणि या बायकांची मुलंबाळं कुठे, तर कोणाची टोरांटोला, कोणाची सिडनीला, कोणाची कुठे. आईला करण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून त्या वर्षभर या दिवसाची वाट बघतात. गायीने हातचं खाल्लं की त्यांचे चेहरे निवळतात.

मला बायकोने केळीची पानं आणायला मार्केटात पिटाळलं. दिवाळीची गर्दी, त्यात मी सिग्नल पिवळा झाला तरी थांबणारा, त्यामुळे यायला उशीर झाला. गेट उघडलं तेव्हा मागून आरती ऐकू येत होती. दिवेलागणीची वेळ, उजेड अजून होता. मी घराला वळसा घालून मागे गेलो आणि आधी पट्ट्याकडे बघितलं, सवयीने. दोरी खाली पडली होती. ज्वारीत मधोमध भांग पाडल्यासारखी कापलेली वाट होती.

गायीपुढे परात होती, परातीत तो हिरवा, ओला पाला, आणि गाय डोळे मिटून खात होती. बायको तिच्या गळ्याला हात घालून उभी होती. इतक्या आनंदात मी तिला मुलीच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

मी पानं टाकली, परात लाथेने उडवली आणि गायीच्या तोंडातून पाला ओढून काढला. आरती थांबली. मंडळातल्या सर्वांत वयस्कर बाई म्हणाल्या, "अहो, आजच्या दिवशी तिला जेवणावरून उठवता?"

"ही ज्वारी कोणी कापली?" मी विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "गजराज तोंडात घेईना ती. सगळ्यांनी भरवून बघितलं, हुंगून मान फिरवायची. यांचे चेहरे बघवेनात मला. या सगळ्या तर रडकुंडीलाच आल्या होत्या. मग हे कोवळं दिसलं. जरासंच कापलं हो. एवढ्याशाने काय होतंय."

एवढ्याशाने काय होतं ते मला माहीत होतं. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या जवळच्याच सोसायटीत होत्या. निघते म्हणाल्या, तोंडात काही ओतू नका आणि ती बसली तर आडवी पडू देऊ नका, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी वळलो तेव्हा गाय उभी होती, आणि क्षणभर मला वाटलं की आपण उगाच घाबरलो.

मग तिचा श्वास बदलला. आधी नुसता जोरात, मग भात्यासारखा. नाकपुड्या फुगल्या, तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. मांड्यांची कातडी थरथरत होती. तिने एक पाऊल पुढे टाकायला उचललं, ते भलतीकडेच पडलं, आणि ती गुडघ्यांवर बसली. वासरू खुंट्याशी हिसके देत ओरडायला लागलं. कोणीतरी आत धावत जाऊन गुळाचं पाणी घेऊन आलं. मी त्यांच्या अंगावर ओरडलो. तिला गिळता येत नव्हतं, ते पाणी सरळ फुप्फुसात गेलं असतं. त्या बाई पातेलं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

आम्ही दोघांनी दोन्हीकडून टेकू देऊन तिला बसती ठेवली. मी तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. त्या लाल होत्या, चांगल्या ठणठणीत जनावराच्या असाव्यात त्याहून लाल. मला राग आला. भीतीला माझ्यात दुसरी वाट नाही, ती रागातूनच बाहेर पडते.

"सांगितलं होतं ना?" मी म्हणालो. "रोज सांगत होतो. कितीदा सांगायचं माणसाने?"

बायकोने गायीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिच्या नव्या साडीवर फेस गळत होता. वर न बघता ती म्हणाली, "तुम्ही मिक्सरलाही नको म्हणता. कठड्याला नको म्हणता, पतंगाला नको म्हणता. सगळ्याला त्याच आवाजात नको म्हणता. त्यातलं खरं कुठलं, ते मला कसं कळायचं?"

गायीचे श्वास आता मधेमधे अडकत होते. प्रत्येक वेळी श्वास अडकला की बायकोचाही अडकत होता, आणि पुढचा येईपर्यंत मला त्या दोघींमध्ये फरक करता येत नव्हता. बायका भिंतीशी उभ्या होत्या. कोणीतरी पुटपुटत जप करत होतं. प्रत्येकीच्या मनात आपापल्या लांबच्या मुलाचा विचार आला असणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मला मात्र सकाळ दिसत होती. गाय नाही, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडली आहे, आणि मी दारात उभा आहे.

स्कूटर सरळ प्लॉटवर आली. डॉक्टरबाईंनी एकदा हिरड्या बघितल्या, मला टॉर्च धरायला सांगितलं, मानेवरची शीर दाबून फुगवली आणि सुई घातली. औषध सावकाश जात होतं. माझा उजेड सुईवर टिकत नव्हता, तेव्हा त्यांनी टॉर्च काढून घेऊन त्या जप करणाऱ्या बाईंच्या हातात दिली. मग आम्ही नुसते बसून राहिलो.

आधी कान हलला. मग श्वास जरा खाली उतरला, तो पुन्हा वर चढेल म्हणून मी वाट बघत होतो, तो चढला नाही. लाळ थांबली. बऱ्याच वेळाने तिने मान बायकोच्या मांडीवरून उचलली, मागचे पाय आधी सरळ केले आणि धडपडत उभी राहिली. वासराला सोडलं तसं ते सरळ कासेला भिडलं. बायका रडायला लागल्या. बायको रडली नाही. ती तशीच मातीत बसून होती, मांडी घालून, जणू डोकं अजून तिथेच आहे.

"थोडंच खाल्लं, आणि सकाळचा कडबा पोटात होता, म्हणून वाचली," डॉक्टरबाई सामान भरत म्हणाल्या. "पण काका, गजराज हाय ने तुमच्याकडे? ते का नाय दिला?"

दिलं होतं, तिने खाल्लं नाही, असं मी म्हणालो. त्या गजराजाच्या ओळीत गेल्या. ते माझ्या खुणेच्या किती तरी वर गेलं होतं, डोक्याच्याही वर. त्यांनी एक दांडा वाकवला, तो कडकन मोडला. "आ तो लाकडुं थई गयुं," त्या म्हणाल्या आणि तो मोडका दांडा माझ्या हातात देऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ज्वारी धसकटांसकट उपटली. मग गजराज कापलं, सगळं, वीतभर बुडखे ठेवून. नवीन फूट येईपर्यंत कडबा आणि बाजारातला रजको, म्हणजे लसूणघास, यावर भागवलं. त्या नाल्याच्या पाण्याचं काय, हा प्रश्न मी मनातल्या मनात रोज विचारला.

बायको उठत होती. भिंतीकडे तोंड करून पडली नाही, एवढं देवाने माझं ऐकलं. ती धार काढायची, गोठा धुवायची, वासराला खरारा करायची. पण गायीच्या तोंडाजवळ हात नेत नव्हती. भाकरीचा तुकडासुद्धा मला द्यायला सांगायची. मी रजको टाकायला लागलो की ती घरात निघून जायची, आणि थोड्या वेळाने खिडकीत येऊन गायीच्या कुशीकडे बघत उभी राहायची. तिचं हे बघणं मी ओळखलं. हे माझंच होतं, माझ्या घरात मी इतकी वर्षं असाच खिडक्यांतून बघत आलो होतो. आपल्या माणसाने आपल्यासारखं सावध असावं, असं मला नेहमी वाटायचं. ती तशी झाली तेव्हा ते मला बघवत नव्हतं.

मार्गशीर्षात गजराज छातीला आलं. ज्या सकाळी ते बांबूवरच्या खुणेला टेकलं त्याच सकाळी मी कापलं, एक दिवसही थांबलो नाही. पानं रुंद, दांडा हिरवा, नखाने दाबला तर रस येईल असा. पेंढी बांधून मी गव्हाणीपाशी आणली. बायको शेण भरत होती. मी पेंढी तिच्यापुढे धरली.

तिने हात पुसले. पेंढी घेतली, पण पुढे गेली नाही. एकेक दांडा बाजूला करून बघत राहिली.

"हे चालेल?" तिने विचारलं.

"गजराज आहे. त्यात ते विष नसतं."

"ते मला माहीत आहे. तुम्ही सांगा, देऊ का."

गायीने दावं ताणून मान लांब केली होती. गजराजातही पाणी-खत चुकलं तर काय काय होऊ शकतं, ते मी या दोन महिन्यांत वाचून ठेवलं होतं. नको म्हणणं सोपं असतं. नको म्हणालं आणि काही झालं नाही, तर तुम्हाला कोणी विचारायला येत नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी जे म्हणेन ते ती करणार होती.

"दे," मी म्हणालो.

तिने पेंढी पुढे केली. गायीने जिभेने दांडा आत ओढला आणि चावायला लागली. आम्ही दोघं शेजारी उभे राहून तिच्या नाकपुड्यांकडे बघत होतो. मी आधारासाठी बायकोचा हात धरायला गेलो, तर तिनेच माझा आधी घट्ट पकडला.